उच्च कॉन्ट्रास्टचे सेरिफ टंक: मथळे आणि मासिकाच्या मांडणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोडोनी, डिडो आणि त्यांच्या कुळातले सेरिफ टंक (म्हणजे अक्षररेषांच्या टोकांना छोट्या रेघा असलेले फॉन्ट) मोठ्या आकारात विलक्षण देखणे दिसतात आणि छोट्या आकारात तितक्याच लवकर मोडतात. दोन्हींचं कारण एकच: त्यांची सर्वांत बारीक रेषा. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत एक सवय पुन्हा पुन्हा येईल. टंक निवडण्याआधी ती रेषा शेवटच्या आकारात, शेवटच्या माध्यमावर किती जाड पडणार आहे ते मोजून घ्या.

‘उच्च कॉन्ट्रास्ट’ म्हणजे रंगाचा कॉन्ट्रास्ट का?

नाही. इथे कॉन्ट्रास्ट म्हणजे एकाच अक्षरातल्या जाड आणि बारीक रेषांमधला फरक. पुस्तकाच्या मजकुराच्या टंकात जाड रेषा बारीक रेषेच्या साधारण दोन-तीन पट असते. मथळ्यासाठी काढलेल्या डिडोसारख्या टंकात ती आठ-दहा पटींपर्यंत जाते.

एका ठिकाणी मात्र दोन्ही कॉन्ट्रास्ट एकमेकांत अडकतात. वेबसाठीचे डब्ल्यूसीएजी हे सुलभतेचे निकष साध्या मजकुराला ४.५:१ आणि २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या मजकुराला ३:१ एवढा रंगफरक मागतात. हे गणित फक्त दोन रंगांवर चालतं, रेषेची जाडी त्यात धरलेली नाही. अर्ध्या पिक्सेलची काळी रेषा स्क्रीनवर करडी होऊन उमटते. त्यामुळे तपासणीत पास झालेला करडा मथळाही प्रत्यक्षात फिका लागतो. या टंकांना निकषाच्या काठावरचा रंग देऊ नये.

हे टंक आले कुठून? बास्करव्हिल, बोडोनी, डिडो, फॅट फेस यांत फरक काय?

चपट्या टोकाच्या लेखणीत जाडी-बारकी येते ती लेखणीच्या कोनामुळे. टोकदार, लवचीक लेखणीत ती दाबामुळे येते: खाली ओढताना टोक फाकतं आणि रेषा जाड होते, आडवी किंवा वर जाणारी रेषा बारीक राहते. अठराव्या शतकात युरोपातल्या लॅटिन अक्षरांचा कल हळूहळू पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे सरकला.

बर्मिंगहॅमचे मुद्रक जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ साली व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापली, तेव्हा अक्षरांबरोबर कागद आणि शाईवरही मेहनत घेतली. गुळगुळीत कागद, छापल्यावर तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबलेली पानं आणि गडद काळी शाई. बारीक रेषा टिकली ती या सगळ्यामुळे. पुढे पॅरिसमध्ये फर्मां डिडो आणि पार्मामध्ये जाम्बातिस्ता बोडोनी (१७४०–१८१३) यांनी ही दिशा टोकाला नेली: ताठ उभा तोल, सपाट बारीक सेरिफ, जाड-बारीक रेषांत अचानक बदल. बोडोनींचा टंकांचा मोठा नमुनाग्रंथ त्यांच्या पत्नीने त्यांच्या मृत्यूनंतर १८१८ मध्ये प्रसिद्ध केला. या कुळाचं ‘डिडोन’ हे नाव बरंच नंतरचं. माक्सिमिलियँ व्हॉक्स यांनी १९५४ च्या वर्गीकरणात डिडो आणि बोडोनी ही दोन नावं जोडून ते तयार केलं.

ओळखायचं असेल तर सेरिफ उभ्या दांडीला मिळतो तो सांधा पाहावा. बास्करव्हिलमध्ये तिथे कमानीसारखं भरीव वळण असतं, बोडोनीत ते जेमतेम उरतं, डिडोत सरळ काटकोन होतो. फॅट फेस हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठी निघालेलं रूप: उभ्या दांड्या प्रचंड जाड, बारीक रेषा होत्या तशाच.

‘बोडोनी’ हे नाव सारखं असलं तरी टंक सारखे नसतात हेही लक्षात ठेवावं. अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी मॉरिस फुलर बेंटन यांनी १९१० च्या आसपास केलेली बोडोनी भक्कम आहे. बाउअर फाउंड्रीची १९२६ ची बोडोनी बरीच नाजूक. नुसतं नाव वाचून एकाच्या जागी दुसरी लावली तर छपाईत फरक पडतो.

टंक माझ्या कामाला पेलेल की नाही, हे आधी कसं ठरवायचं?

कोणत्याही व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी कॅपिटल एच आणि स्मॉल ई ही अक्षरं १००० पॉइंट आकारात टाका, आउटलाइनमध्ये बदला आणि मधल्या आडव्या रेषेची उंची पॉइंटमध्ये मोजा. जो आकडा येईल, रेषा टंकाच्या आकाराच्या तितके हजारांश जाड असते. एचचा पायातला सेरिफ आणि कॅपिटल एनही मोजा. एनमध्ये तिरकी रेषा जाड आणि दोन्ही उभ्या दांड्या बारीक असतात, एमची डावी दांडी आणि यूची उजवी दांडीही तशीच. शब्द मोडायला लागतो तो बहुधा याच अक्षरांपासून.

समजा रेषा २० भरली. मग शेवटचा आकार गुणिले ०.०२ एवढं सोपं गणित:

७२ पॉइंटला १.४४ पॉइंट,
३६ पॉइंटला ०.७२ पॉइंट,
२४ पॉइंटला ०.४८ पॉइंट,
१२ पॉइंटला ०.२४ पॉइंट,
९ पॉइंटला ०.१८ पॉइंट.

ऑफसेटवर पांढऱ्या कागदावर काळ्या रेषेसाठी ०.२५ पॉइंट ही नेहमी धरली जाणारी किमान जाडी, म्हणजे सुमारे ०.०९ मिलिमीटर. गडद पार्श्वभूमीतून पांढरं अक्षर काढायचं असेल तर ०.५ पॉइंट. म्हणजे हा टंक काळ्यात १३ पॉइंटच्या खाली आणि रिव्हर्समध्ये २५ पॉइंटच्या खाली वापरू नये. एवढं पाच मिनिटांत कळतं, आणि प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) भांडण्याची वेळ येत नाही.

स्क्रीनवर अक्षरांचे तुकडे झाल्यासारखे का दिसतात?

तेच गणित पिक्सेलमध्ये करा. २० एककांची रेषा १६ पिक्सेल आकारात ०.३२ पिक्सेल होते. एक तृतीयांश पिक्सेल रंगवता येत नाही, म्हणून स्क्रीन पूर्ण पिक्सेल करडा करते. रेषा दोन पिक्सेलच्या सीमेवर पडली तर तीच शाई दोघांत वाटली जाते आणि दोन्ही जवळपास पांढरे दिसतात. उभ्या दांड्या मात्र पूर्ण काळ्या राहतात. वाचणाऱ्याला कुंपणाच्या गजांसारख्या सुट्या उभ्या रेघा दिसतात, अक्षर दिसत नाही.

व्यवहारात मर्यादा अशी धरा: बारीक रेषा किमान एक प्रत्यक्ष पिक्सेल भरली पाहिजे. साध्या स्क्रीनवर वरचा टंक ५० पिक्सेलपासून सुरक्षित, दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर २५ पासून. डिझाइन करणाऱ्याची स्क्रीन बहुधा दुप्पट घनतेची असते, वाचणाऱ्याची असेलच असं नाही. म्हणून साध्या मॉनिटरवर १०० टक्के झूमला पाहिल्याशिवाय मथळा मंजूर करू नये.

आणखी एक गोष्ट नेहमी सापडते. वेबसाइटच्या अनेक तयार थीममध्ये मॅकच्या ब्राउझरसाठी फॉन्ट स्मूदिंग ‘अँटीएलिअस्ड’ करणारी ओळ आधीच टाकलेली असते. तिने सगळी अक्षरं थोडी बारीक होतात. साध्या सॅन्स (सेरिफ नसलेल्या) टंकाला ते शोभतं, पण डिडोनची आधीच काठावर असलेली रेषा त्याने जाते. मथळ्यांपुरती ती ओळ काढून पाहा.

ऑप्टिकल साइझ म्हणजे काय आणि त्याची खरंच गरज आहे का?

ऑप्टिकल साइझ म्हणजे एकाच टंकाचा आकारानुसार वेगळा काढलेला आराखडा. त्याची गरज आहे, आणि या कुळात सर्वांत जास्त आहे. धातूच्या टाइपच्या काळात प्रत्येक आकार वेगळा कोरला जाई. छोट्या आकारात बारीक रेषा जाड, अक्षरं थोडी रुंद आणि अंतर सैल. मोठ्या आकारात सगळं तलम आणि घट्ट. डिजिटलमध्ये एकच आराखडा लहान-मोठा होऊ लागला आणि हा फरक गेला.

तो परत आणणारी दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. जोनाथन हेफ्लर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्पर्स बझार मासिकासाठी काढलेली डिडो सात आकारांसाठी वेगवेगळी आहे: ६, ११, १६, २४, ४२, ६४ आणि ९६ पॉइंट. प्रत्येक आवृत्ती तिच्या आकारात वापरली की बारीक रेषा सगळीकडे जवळपास सारखीच बारीक दिसते. १९९४ च्या आयटीसी बोडोनीत ६, १२ आणि ७२ अशा तीन आवृत्त्या आहेत. नावातला हा आकडा वजनाचा नाही, आकाराचा आहे. ‘९६’ लिहिलेला टंक फोटोओळीला लावणं ही चूक, आणि ‘६’ लिहिलेला मुखपृष्ठावर लावणं हीही चूकच. तिथे तो ठोकळ्यासारखा दिसतो.

व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे ज्याचं रूप एकाच फाइलमध्ये कमी-जास्त करता येतं अशा फॉन्टमध्ये, हे काम एका अक्षावर (सरकत्या मापावर) होतं. बोडोनी मोडामध्ये तो ६ ते ९६ असा आहे. अक्ष फॉन्टमध्ये असेल तर ब्राउझर मजकुराच्या पिक्सेल आकारानुसार तो आपोआप हलवतो. पण गूगल फॉन्ट्सवरून घेताना दुव्यात फक्त वजन मागितलं आणि ऑप्टिकल अक्ष मागितला नाही, तर तो येतच नाही आणि सगळे आकार एकाच मूळ आराखड्यात दिसतात. ‘नमुन्यात टंक तलम होता, माझ्या पानावर जड का?’ या तक्रारीत आधी हा दुवा तपासावा. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा अक्ष काही ठिकाणी आपोआप चालतो, काही ठिकाणी हाताने लावावा लागतो.

बारीक रेषा जात असतील तर बोल्ड केलं की झालं ना?

नाही होत. डिडोनमध्ये बोल्ड म्हणजे उभ्या दांड्या जाड. बारीक रेषा जवळजवळ आहे तिथेच राहतात. म्हणजे कॉन्ट्रास्ट आणखी वाढतो, आणि शेजारच्या काळ्या दांडीमुळे बारीक रेषा आणखी फिकी वाटते. रेषा वाचवायची तर कमी आकाराची ऑप्टिकल आवृत्ती घ्या किंवा टंकच बदला.

सॉफ्टवेअरचं खोटं बोल्ड, किंवा अक्षराला ०.१–०.२ पॉइंटचा स्ट्रोक देणं, हा घाईतला उपाय आहे. रेषा वाचते खरी. पण एन आणि एमच्या आतल्या अरुंद फटी भरतात, आरच्या टोकाचा गोल ठिपका सुजतो, अंतर बिघडतं. एखाद्या ओळीपुरतं, दुसरा मार्ग नसेल तरच.

मोफत टंकांपैकी कोणता घ्यावा?

प्लेफेअर डिस्प्ले सर्वांत प्रचलित आहे. क्लाउस एगर्स सोरेन्सन यांचा हा टंक बास्करव्हिलच्या वळणाचा, एक्स-हाइट (स्मॉल एक्सची उंची) मोठी, बारीक रेषा त्यामानाने दणकट. म्हणून वेबवर ३० पिक्सेलच्या आसपासही तग धरतो. पण तो इतक्या ठिकाणी दिसतो की त्यातून वेगळी ओळख तयार होणं अवघड. खरं डिडोन हवं असेल तर बोडोनी मोडा घ्या, मुख्यतः त्याच्या ऑप्टिकल अक्षासाठी. टाइपटुगेदरचा अब्रिल फॅटफेस एका-दोन शब्दांच्या मोठ्या मथळ्यासाठी चांगला. पूर्ण वाक्य त्यात लावलं की पान काळवंडतं. क्रिस्टियन थालमान यांचा कॉर्मोरंट हा डिडोन नाही. सोळाव्या शतकातल्या टंककार गारामाँच्या वळणाचा, पण मोठ्या आकारासाठी मुद्दाम तलम केलेला. त्याची एक्स-हाइट खूप लहान आहे, त्यामुळे १६ पिक्सेलला तो दुसऱ्या टंकाच्या १३ पिक्सेलएवढाच वाटतो. लोक तो परिच्छेदांना लावतात आणि वाचणारे झूम करत बसतात. त्याला मथळ्यातच ठेवावा.

मथळ्यात अक्षरांमधलं अंतर किती ठेवावं?

४० पॉइंटपर्यंत टंकाचं स्वतःचं अंतर राहू द्या. ६० च्या पुढे ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर, आकाराच्या हजारांशात) −१० ते −२० करून पाहा, पण शेजारच्या सेरिफमध्ये बारीक रेषेइतकी तरी फट दिसली पाहिजे. दोन सेरिफ चिकटले की त्यांची एक लांब आडवी रेघ होते आणि एच-आय किंवा आय-एल यांसारख्या जोड्या शिडीसारख्या दिसायला लागतात. सगळी कॅपिटल असतील तर उलट, +२० ते +६० द्या.

ए-व्ही, टी-ओ, एल-वाय या जोड्यांचं कर्निंग (त्या दोन अक्षरांपुरतं अंतर) मोठ्या आकारात हाताने पाहावंच. शब्दांमधली जागाही ८० टक्क्यांच्या आसपास आणता येते, कारण मोठ्या आकारात ती भोकासारखी दिसते. इंग्रजी मथळ्याच्या दोन ओळींतलं अंतर आकाराच्या ०.९५ ते १.१ पट पुरतं. वरच्या ओळीतल्या जी-वायची शेपटी खालच्या ओळीतल्या एल-डीच्या डोक्यावर आदळत असेल तर अंतर वाढवण्याआधी ओळ तोडण्याची जागा बदलून पाहा.

छपाईत नेमकं काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टी. पहिली, टिंट, म्हणजे शाईची फिकी छटा. मथळा ६० टक्के काळ्यात किंवा चार रंगांच्या मिश्रणात ठेवला की त्याचे ठिपके पडतात. १५० लाइन स्क्रीनला (इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी) दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.४८ पॉइंट असतं. ०.२४ पॉइंटची रेषा म्हणजे अर्ध्या ठिपक्याची जागा; ती रेषा राहत नाही, तुटक ठिपक्यांची माळ होते. रंग हवाच असेल तर एका शाईचा पूर्ण १०० टक्के घ्या, किंवा स्वतंत्र स्पॉट शाई (त्याच रंगाची आधीच मिसळलेली शाई) लावा.

दुसरी, रिच ब्लॅकमधून (काळ्यात बाकीच्या शाया मिसळून केलेल्या गडद काळ्यातून) काढलेलं पांढरं अक्षर. चार प्लेटांपैकी एक जराशी सरकली की बारीक रेषेत रंग घुसतो. इथे बाकीच्या तीन प्लेटांवर अक्षर किंचित मोठं ठेवतात, म्हणजे कडा एकट्या काळ्या प्लेटने ठरते. प्रेसला हे आधी सांगा. नाहीतर पार्श्वभूमी फक्त १०० टक्के काळी ठेवा.

तिसरी, कागद. अनकोटेड (वर लेप नसलेल्या) कागदावर आणि न्यूजप्रिंटवर शाई पसरते. काळी रेषा त्याने थोडी जाड होते, ते चालतं. पण रिव्हर्स रेषा बुजते आणि जाड दांड्यांमधल्या फटीही भरतात. आर्ट पेपरवर पास झालेलं प्रूफ न्यूजप्रिंटसाठी काहीच सांगत नाही. प्रूफ त्याच कागदावर मागा.

फॉइल, एम्बॉसिंग आणि कापलेल्या व्हिनाइलसाठी यापेक्षाही जाड रेषा लागते. व्हिनाइलमध्ये नको असलेला भाग सोलताना बारीक सेरिफ सोबत उपटले जातात. किमान जाडी काम करणाऱ्यालाच विचारावी, कारण ती यंत्रावर आणि साहित्यावर ठरते.

मजकुरासाठी हाच टंक का नको? आणि मथळ्याबरोबर कोणता लावायचा?

लांब मजकुरात डोळा अक्षर ओळखतो ते वळणांवरून आणि जोडांवरून, आणि डिडोनमध्ये नेमके तेच भाग सर्वांत बारीक असतात. ‘मिनिमम’ हा शब्द इंग्रजीत डिडोनच्या १० पॉइंटमध्ये छापून पाहा: सारख्या अंतरावरच्या पंधरा जाड दांड्या, आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी जवळपास अदृश्य.

मजकुराला कमी कॉन्ट्रास्टचा, दणकट सेरिफ किंवा साधा ग्रोटेस्क सॅन्स द्या. मथळ्याला डिडोन आणि उपमथळ्याला दुसरं डिडोन असं मात्र करू नका. दोन टंक इतके सारखे असतात की मुद्दाम केलंय असं वाटत नाही. लेखाच्या सुरुवातीचं मोठं ड्रॉप कॅप (पहिलं अक्षर) हे डिडोनसाठी उत्तम ठिकाण आहे. तीन ओळींपेक्षा जास्त उंचीचं घ्या आणि त्यासाठी मोठ्या आकाराची ऑप्टिकल आवृत्ती वापरा.

आकड्यांकडेही लक्ष द्या. या टंकांतले आकडे मोठ्या आकारात फार सुंदर असतात, पण किमतींच्या किंवा तारखांच्या छोट्या तक्त्यात ३, ६, ८ एकमेकांसारखे दिसायला लागतात. डॅशही बारीक रेषेइतकाच असतो आणि छोट्या आकारात गायब होतो.

देवनागरी मथळ्यात हा परिणाम कसा आणायचा?

लॅटिनचा नियम जसाच्या तसा देवनागरीवर चालत नाही. बोरूचं टोक देवनागरीसाठी लॅटिनच्या उलट कलाने छाटलेलं असतं. तो साधारण ४५ अंशांत धरला की शिरोरेखा आणि काना जवळजवळ सारख्याच जाडीचे येतात. जाडी-बारकी दिसते ती गोलाव्यात आणि तिरक्या रेषांत. डिडोनप्रमाणे ‘उभं जाड, आडवं बारीक’ केलं की शिरोरेखाच बारीक होते, आणि सगळा शब्द तिलाच लटकलेला असतो. म्हणून देवनागरी टंकात मोजायची पहिली रेषा शिरोरेखा. तिचं गणित वरच्यासारखंच.

इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा देवनागरी आणि लॅटिन दोन्ही असलेला, फार उच्च कॉन्ट्रास्टचा मोफत टंक आहे. वजन एकच आणि स्वभाव फॅट फेसचा, त्यामुळे दोन-तीन शब्दांच्या मथळ्यात तो खुलतो. कोणताही देवनागरी टंक घेताना भाषा मराठी अशी लावून ल आणि श यांची मराठी वळणं येतात का ते पाहा, आणि ‘दर्‍या’सारखा शब्द टाकून र्‍य नीट उमटतो का तेही.

देवनागरीला ट्रॅकिंग देऊ नका. अक्षरं जरा लांब गेली की शिरोरेखेत फटी पडतात, आणि बारीक शिरोरेखेत त्या लगेच दिसतात. स्क्रीनवर काही आकारांत ट्रॅकिंग शून्य असतानाही जोडावर फिकी फट दिसते. तेव्हा आकार एक-दोन पिक्सेलने बदलून पाहावा. ओळींमधलं अंतरही इंग्रजीसारखं ०.९५ चालणार नाही. वरची वेलांटी आणि रफार, खालचा उकार यांना जागा लागते, १.२ पासून सुरुवात करा आणि ‘र्की’ खाली ‘कृ’ येईल अशी ओळ मुद्दाम तपासा.

एकाच मथळ्यात दोन्ही लिप्या असतील तर आकडे सारखे ठेवून भागत नाही. देवनागरी अक्षराची मात्रांशिवायची उंची लॅटिनच्या एक्स-हाइट आणि कॅपिटलच्या उंचीच्या मध्ये कुठेतरी बसवा. मग डोळे किलकिले करून दोन्हींचा काळेपणा जुळतो का पाहा, आणि वजन त्यावरून ठरवा.

मथळा इमेज म्हणून टाकला तर चालेल का?

जेपीजीमध्ये नको. कॉम्प्रेशनमुळे बारीक रेषेभोवती डाग पडतात आणि लाल-निळ्या अक्षरांत तर रेषा फाटतेच. जिवंत मजकूर ठेवा, किंवा एसव्हीजी द्या. व्हिडिओतही आडव्या बारीक सेरिफची रेषा किमान दोन पिक्सेल जाड हवी. त्यापेक्षा बारीक असली तर शेवटची नामावली वर सरकताना प्रत्येक सेरिफ लुकलुकतो, आणि समाजमाध्यमांवर चढवताना होणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्रेशनमध्ये उरलेलाही जातो.